हाडाच्या पेशी आणि अर्धी बातमी

"खोली विद्यार्थ्यांना देत नाही," दार अर्धवट उघडून गोपाळकृष्ण दातार म्हणाले.

"मी विद्यार्थी नाही, काका. संशोधन करते."

"म्हणजे विद्यार्थीच. फक्त जास्त वर्षं."

दार लागणार तेवढ्यात आतून सरोजिनीकाकूंचा आवाज आला, "अहो, उन्हात उभी आहे ती. नकार द्यायचा तर पाणी देऊन द्या." भाग्यश्री पाणी प्यायला आत गेली आणि कर्वेनगरातल्या त्या छोट्या बंगल्याच्या वरच्या खोलीत पाच वर्षं राहिली.

ती गंगाखेडची. वडील नागोराव सूर्यवंशी एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पोरगी हुशार, पुण्यात एम.एस्सी. झाली, आता नोकरीला लागेल असं त्यांना वाटत होतं. ते दिवसच तसे होते. भाग्यश्रीच्या वर्गातली निम्मी मुलं जीवशास्त्र गुंडाळून संगणकाच्या क्लासला बसली होती. कुणी शतक बदलताना बंद पडणारे संगणक दुरुस्त करायला अमेरिकेला निघालं होतं, कोथरूडच्या गल्लीगल्लीत जावा शिकवण्याच्या पाट्या लागल्या होत्या. डेपोतली माणसं नागोरावांना विचारायची, "पोरगी कंप्युटरला गेली का नाही?" नागोराव म्हणायचे, "ती पेशी वाढवते." समोरचा गप्प व्हायचा, कारण पुढे काय विचारावं हे कुणालाच कळायचं नाही.

भाग्यश्री खरंच पेशी वाढवत होती. काचेसारख्या पारदर्शक, तळहाताएवढ्या डिशमध्ये गुलाबी पाणी घालायचं, त्यात उंदरांच्या पिलांच्या कवटीतून काढलेल्या हाडाच्या पेशी सोडायच्या आणि शरीराइतक्या उबेच्या कपाटात ठेवायच्या. नुसत्या पाण्यावर पेशी जगत नाहीत, त्यात रक्तातला पातळ भाग, सीरम, घालावा लागतो. त्या सीरममध्ये फेट्युइन नावाचं एक प्रथिन असतं. ते यकृतात तयार होतं, रक्तातून फिरतं आणि बरंचसं जाऊन हाडात बसतं. ते हाडात कशाला जातं आणि तिथे पेशींना काय सांगतं, हाच तिचा विषय होता.

सरोजिनीकाकूंना हे सगळं ऐकायला आवडायचं. त्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा केदार न्यू जर्सीत. पूर्वी एकदा स्तनाचा कर्करोग होऊन शस्त्रक्रिया झाली होती, पण त्याबद्दल त्या पडून गेलेल्या दाताबद्दल बोलावं तशा बोलत. भाग्यश्री सकाळी जिन्यावरून ओरडायची, "काकू, मी निघायले!" आणि काकू ओट्यापाशी हसायच्या. सुरुवातीला त्यांनी "निघाले म्हणावं" असं सुधारून पाहिलं. मग एक दिवस नवऱ्यालाच म्हणाल्या, "अहो, मी भाजी आणायला निघायले." गोपाळकृष्ण वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "व्याकरण इथेच ठेवून जा."

एकदा काकूंनी विचारलं, "तुमच्याकडे कॅन्सरच्या पेशीसुद्धा असतात म्हणे?"

"असतात ना, शेजारच्या कपाटात. पूर्णिमा त्यांच्यावर काम करते."

"म्हणजे माझ्या शत्रूंना तुम्ही रोज खायला घालता."

"घालावंच लागतं, काकू. उपाशी ठेवलं तर काय कळणार त्यांच्याबद्दल?"

"हं. माझ्या सासूबाईंचंही असंच मत होतं," काकू म्हणाल्या आणि तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला, भाग्यश्रीच्या संशोधन संस्थेचे दरवाजे लोकांसाठी उघडले. शाळेची पोरं आली, पालक आले, एक तरुण वार्ताहरही आला. भाग्यश्रीचे मार्गदर्शक डॉ. श्यामसुंदर ढवळे बोलायला लागले की समोरच्याला आपण फार महत्त्वाचं ऐकतोय असं वाटायचं. त्यांनी तिच्या डिश दाखवल्या. फेट्युइन घातलं की हाडाच्या पेशी जोमानं वाढतात, हे तिला तेव्हा नुकतंच दिसलं होतं. "पुढे कर्करोगाच्या पेशींवरही बघायचा विचार आहे," असं एक वाक्य सर जाता जाता बोलले.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: 'हाडे बळकट करणारे प्रथिन रक्तात सापडले. कर्करोगावरही आशा. पुण्यातील संशोधन.' सापडलं वगैरे काही नव्हतं, ते प्रथिन जगाला कित्येक वर्षं माहीत होतं. पण खाली भाग्यश्रीचं नाव छापलेलं होतं. तिनं अंक गंगाखेडला पाठवला आणि नागोरावांनी तो डेपोत सगळ्यांना वाचून दाखवला. खोटं कशाला बोला, तिलाही आनंद झाला होता.

मग फोन सुरू झाले. कुणाच्या आईचं खुब्याचं हाड मोडलेलं, कुणाच्या भावाला मांडीच्या हाडाचा कर्करोग. भोरहून एक माणूस बायकोचे एक्स-रे बगलेत धरून संस्थेच्या फाटकाशी येऊन बसला. रखवालदारानं भाग्यश्रीला बोलावलं. तिनं त्याला नीट समजावलं, की औषध नाही, काचेतल्या पेशींवर नुसतं बघणं चाललंय. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, थोडंसंच द्या की." त्या दिवशी तिला डबा गेला नाही.

त्याच उन्हाळ्यात काकूंची पाठ दुखायला लागली. आधी गादी बदलली, मग तेल लावून झालं, मग एकदा खुर्चीतून उठताना त्या मध्येच थांबल्या आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. तपासण्या झाल्या. जुन्या कर्करोगानं हाडात घर केलं होतं, पाठीच्या दोन मणक्यांत आणि डाव्या खुब्यात. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बरं होण्याची वेळ गेली, पण आवरून धरता येईल. किरणं देऊ, हाडं सावरणारं औषध शिरेतून देऊ.

संध्याकाळी जिन्यावर चपलांचा आवाज आला. गोपाळकृष्ण एवढ्या वर्षांत कधी वर आले नव्हते. त्यांच्या हातात केदारनं ई-मेलनं पाठवलेल्या आणि कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत छापून घेतलेल्या कागदांचं भेंडोळं होतं. ते खुर्चीत बसले नाहीत.

"तुमचं ते प्रथिन बाजारात कुपीत मिळतं म्हणे."

इतक्या दिवसांचं 'तू' जाऊन आज 'तुम्ही' आलं होतं. भाग्यश्री उभीच राहिली. "मिळतं, काका. पण ते वासराच्या रक्तातून काढलेलं असतं, फक्त प्रयोगासाठी. माणसाला देऊ नये असं बाटलीवरच लिहिलेलं असतं."

"माणसं काय काय खातात, त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. मी सही करून देतो, जबाबदारी माझी."

"मला नाही देता येणार."

"का? पेपरात तर छापलंय. हाडं बळकट होतात. तिची हाडंच पोखरली गेलीत."

"काका, मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"ते काकूंच्या गाठींना काय करेल ते. मी हाडाच्या पेशींवरच घालून बघितलंय. कॅन्सरच्या पेशींवर अजून बघितलेलंच नाही."

गोपाळकृष्णांनी कागदांची गुंडाळी घट्ट केली. "मग बघा. काम आहे ना तुमचं? की नुसती पदवीच हवी आहे?" आणि ते खाली उतरले. त्या दिवसापासून घरात तिच्याशी बोलायच्या फक्त काकू.

भाग्यश्रीला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. रात्री डोळा लागेना, आणि मनात येत राहिलं की समजा, खरंच उपयोग होत असेल तर? फेट्युइन कर्करोगाच्या पेशींना आवरत असेल तर? तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली.

कर्करोगाच्या पेशींवरही बघते, असं तिनं सांगितलं तेव्हा ढवळेसर म्हणाले, "तुझा विषय हाड आहे. हे घुसडलंस तर वर्ष वाढेल."

"सर, पेपरात आपण कॅन्सर म्हणालो होतो."

"मी एक वाक्य म्हणालो होतो."

"लोकांनी तेवढंच वाक्य वाचलंय. भोरहून माणूस आला होता."

सरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त कौतुकाची सवय झालेली होती. "कर," ते म्हणाले, "पण शेजारी हाडाच्या पेशीही ठेव. नुसती वाढ मोजू नकोस, त्या चुना धरतात की नाही तेही बघ. ते आपण अजून केलेलं नाही." हे मात्र त्यांनी शहाणपणाचं सांगितलं.

भाग्यश्री पूर्णिमाकडे गेली. पूर्णिमाला हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि प्रयोगशाळेतले तिचे शेवटचे आठवडे चालले होते. "मला एक मदत कर," भाग्यश्री म्हणाली. "कोणत्या डिशमध्ये काय घातलंय ते मला कळू देऊ नकोस. नावं काढून टाक आणि क, ख, ग लिही."

"तुझा स्वतःवर ट्रस्ट नाही?"

"नाही. मला काय दिसावंसं वाटतंय ते मला माहीत आहे."

पूर्णिमानं चिठ्ठ्या चिकटवल्या. काहींत नेहमीचं सीरम होतं, काहींत फेट्युइन काढून घेतलेलं सीरम, आणि काहींत काढून परत घातलेलं.

रोज सकाळी भाग्यश्री सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. 'ख'मधल्या कर्करोगाच्या पेशी विरळ होत्या, गोल होऊन पडलेल्या, तळाला धड चिकटतही नव्हत्या. 'क' आणि 'ग' मात्र कडेपर्यंत भरत चालले होते. तिनं मनाला कितीही बजावलं तरी ते म्हणत होतं, 'ख' फेट्युइनचं असू दे. हाडाच्या पेशींतही फरक होता. त्या ठेवून ठेवून, शेवटी चुना, म्हणजे कॅल्शियम, असेल तिथे लाल दिसणारा रंग त्यांच्यावर घातला, तेव्हा 'ख' डिश लालभडक झाली. बाकीच्या फिकटच राहिल्या.

"वाच," भाग्यश्री पूर्णिमाला म्हणाली.

पूर्णिमानं यादी बघितली. "'ख' म्हणजे काढलेलं. 'क' नेहमीचं, 'ग' परत घातलेलं." तिनं वर बघितलं. "भागी, हे उलटं आलं ना गं?"

उलटंच होतं. फेट्युइन असलं की कर्करोगाच्या पेशी पाय रोवून भराभर वाढत होत्या. आणि हाडाच्या पेशी संख्येनं वाढत होत्या हे खरं, पण चुना धरत नव्हत्या. गवंडी वाढले, पण भिंत उठेना. पेपरात 'बळकट' छापलं होतं, ते हाडाच्या बाबतीतही खरं नव्हतं. तिनं प्रयोग पुन्हा केला. पूर्णिमा गेल्यावर चिठ्ठ्या लावायला दुसऱ्या कुणाला तरी बसवून आणखी एकदा केला. उत्तर बदललं नाही. ढवळेसरांनी सगळं बघितलं आणि म्हणाले, "भाग्यश्री, हे पहिल्यापेक्षा फार मोठं आहे. अभिनंदन." ती प्रसाधनगृहात जाऊन रडून आली.

घरी काय सांगायचं हा प्रश्न काकूंनीच सोडवला. किरणांचे दिवस संपले होते, दुखणं बरंच उतरलं होतं, पलंगावर उशांना टेकून त्या शेंगा सोलत होत्या. "तुझा चेहरा आठ दिवस नापास झालेल्या मुलासारखा आहे. काय निघालं?"

"काकू, नंतर सांगते."

"मला नंतर फार नाहीये. आता सांग."

भाग्यश्री पलंगाच्या कडेला बसली आणि तिनं सांगितलं. गवंडी आणि भिंतीचंही सांगितलं. काकूंचे हात थांबले.

"म्हणजे माझ्याच रक्तातलं खाऊन ती वाढतायत?"

"डिशमध्ये तसं दिसतंय. शरीरात आणखी हजार गोष्टी असतात. आणि ते प्रथिन वाईट नाही, काकू. ते नसेल तर चुना हाडात बसायचा सोडून रक्तवाहिन्यांत, नको तिथे बसेल. ते तिथे असायलाच हवं. पण बाहेरून जास्तीचं दिलं असतं, तर काय झालं असतं ते... मला खरंच माहीत नाही."

काकूंनी टरफलं बाजूला सारली. मग म्हणाल्या, "जन्मभर मुलांना शिकवलं. उत्तर येत नसेल तर अंदाजानं काहीतरी लिहा, अर्धा गुण मिळेल. 'माहीत नाही' असं लिहायला एकालाही शिकवलं नाही गं." आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुखणं कुणाचं आणि समजूत कोण घालतंय, हे मनात येऊन भाग्यश्रीला आणखीच भरून आलं.

गोपाळकृष्ण दारात उभे होते. हातात चहाचे कप होते आणि त्यांनी किती ऐकलं ते कळत नव्हतं. त्यांनी कप स्टुलावर ठेवले.

"मी दिलं असतं," ते म्हणाले. "मिळालं असतं तर मी तिला दिलं असतं."

त्यांनी एक कप काकूंच्या हाताजवळ सरकवला.

"साखर कमी आहे. संपली होती. तुझ्याही कपात कमीच आहे," ते भाग्यश्रीला म्हणाले आणि बाहेर गेले. 'तू' परत आलं होतं. दातारांच्या घरात माफी याहून स्पष्ट शब्दांत मागायची पद्धत नव्हती.

पण फोन अजून येत होते. बातमीची कात्रणं लोकांनी जपून ठेवली होती, एकमेकांना दिली होती. भाग्यश्री सरांना विचारून वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. तिथल्या उपसंपादकानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, उपयोग होत नाही ही बातमी कशी होईल? उपयोग झाला की या."

हे ऐकल्यावर गोपाळकृष्णांचे डोळे बरेच दिवसांनी चमकले. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती, पण त्यांचं खरं कसब वाचकांच्या पत्रव्यवहारात होतं. पाणीपुरवठ्यापासून पदपथावरच्या दुचाक्यांपर्यंत पुण्यातला कोणताही विषय त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी एका बैठकीत लिहिलं: 'विज्ञान दिनाच्या आपल्या बातमीतील अर्धा भाग छापायचा राहून गेला आहे. जागेअभावी असावा. तो असा, की सदर प्रथिनाने हाडे बळकट होतात असे दिसलेले नाही आणि कर्करोगाच्या पेशी त्यावर अधिक वाढताना दिसल्या. रुग्णांनी ते घेऊ नये, डॉक्टरांचे उपचार सोडू नयेत. आशा छापायला मोठा ठसा लागतो, सत्याला बारीक चालेल, पण छापावे.' खाली एक ओळ होती: 'माझ्या घरात रुग्ण आहे.'

"शेवटची ओळ काढा," काकू म्हणाल्या. "दया मागितल्यासारखी वाटते."

"दया नाही, धमकी आहे ती. छापलं नाही तर मी स्वतः जाऊन बसेन तिथे."

पत्र छापून आलं, एक शब्दही न गाळता. पुन्हा फोन आले. काही लोक चिडलेले होते, आमची आशा कशाला घालवलीत म्हणून. भाग्यश्री प्रत्येकाशी बोलली. तुमच्या माणसाला कुठे दाखवलंय, काय उपचार चाललेत, ते मध्येच सोडले तर नाहीत ना, हे विचारत राहिली. एका बाईनं नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. त्यासाठी गाय विकायला काढली होती."

सरोजिनीकाकूंना त्यानंतर सव्वा वर्ष मिळालं, आणि त्यातले बरेच दिवस बरे गेले. शिरेतून दिलेल्या औषधानं हाडं सावरली. वॉकर घेऊन त्या अंगणात फिरायच्या. एकदा तर हट्टानं रिक्षा करून मंडईत गेल्या. गोपाळकृष्ण एवढी वर्षं मंडईतून अंजिरं आणताना फसतात, अशी काकूंची खात्री होती आणि ती त्यांना मरायच्या आत सिद्ध करायची होती. भाग्यश्रीनं एका बाजूनं धरलं होतं. गाळ्यावरच्या फळवाल्या विमलाबाईंनी बसायला फळी दिली. काकूंनी एकेक अंजीर हातात घेऊन बघितलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात पिकलेलं." ते म्हणाले, "मी कच्चं आणलं म्हणून तुला टिकवता आलं."

थंडीच्या दिवसांत त्या गेल्या. केदार आला होता. दिवस झाल्यावर त्यानं वडिलांना अमेरिकेला चला म्हटलं. "तिथे माझी पत्रं कोण छापणार?" एवढंच उत्तर त्याला मिळालं. विमानतळाकडे निघताना तो भाग्यश्रीला म्हणाला, "बाबांकडे लक्ष ठेवशील?" तिनं मान हलवली. तोवर संध्याकाळच्या पोळ्या ती खालीच करायला लागली होती आणि गोपाळकृष्ण तिच्या पोळ्यांच्या आकाराबद्दल, नकाशे काढणाऱ्या माणसाला शोभेल असं, मत देत होते.

पुढच्या पावसाळ्यात तिची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा झाली. ती सगळ्यांसमोर असते, कुणीही येऊन बसावं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून नागोराव गंगाखेडहून आले आणि सगळ्यात मागच्या रांगेत गोपाळकृष्णांच्या शेजारी बसले. भाग्यश्री इंग्रजीत बोलली, परीक्षकांनी खोदून खोदून विचारलं, तिनं दोनदा "मला माहीत नाही" असं उत्तर दिलं आणि ढवळेसरांनी दोन्ही वेळा समाधानानं मान हलवली. काही महिन्यांतच कर्वेनगरच्या एका कॉलेजात तिला शिकवायची नोकरी लागायची होती, पण त्या दिवशी तिला ते ठाऊक नव्हतं. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती बाहेर आली, तर व्हरांड्यातल्या बाकावर दोघे म्हातारे चहा पीत बसले होते. ती खांबाशी थांबली.

"दातारसाहेब," नागोराव विचारत होते, "काय शोधलं हो माझ्या पोरीनं? मला तर काहीच समजंना गेलं."

गोपाळकृष्णांनी कप खाली ठेवला. "रक्तात एक प्रथिन असतं. लोकांना वाटलं, त्यानं हाडं बळकट होतात आणि कर्करोग थांबतो. हिनं बघितलं. हाडाच्या पेशी नुसत्या वाढतात, चुना धरत नाहीत. कर्करोगाच्या पेशी मात्र त्यावर चांगल्या पोसतात."

नागोरावांनी विचार केला. "म्हंजी औषध नाही सापडलं."

"नाही."

"मग एवढी वर्षं..."

"नागोराव, तुमच्या डेपोत गाडीचा ब्रेक लागत नाही हे एखाद्या मेकॅनिकनं आधीच ओळखलं, तर तो बिनकामाचा का?"

"छे! त्यानं तर गाडीभर माणसं वाचवली."

"तेच." गोपाळकृष्णांनी समोरच्या ओल्या रस्त्याकडे बघितलं. "माझी बायको त्या गाडीत होती. बसवायला मीच निघालो होतो. हिनं बसू दिलं नाही. त्यानंतर ती सव्वा वर्ष होती, मंडईत जाऊन आली."

नागोरावांनी आपल्या बशीतला चहा तसाच धरून ठेवला आणि दुसरा हात शेजारच्या माणसाच्या गुडघ्यावर ठेवला. गोपाळकृष्णांनी तो हलवला नाही. मग त्यांना खांबाशी उभी असलेली भाग्यश्री दिसली.

"चोरून काय ऐकतेस?" ते म्हणाले. "पेढे आणलेस ना? आधी वडिलांना दे."